मामांचा कापूस आणि माझी कॉइल

...आणि वर म्हणे, 'तुला काय कळतं रे कापसातलं!' अहो, तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं आख्खी नोकरी आमच्या ह्या इजिप्तच्या महल्ला शहरातल्या कापडगिरणीच्या गेटवर बसून काढली, गाठी आत जाताना बघितल्या, तागे बाहेर येताना बघितले, आणि मधे काय होतं ते बघायला एकदाही खुर्चीतून उठला नाही, तो आमचा शौकीमामा मला कापूस शिकवणार! पण नाही, मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असतं!

खरं तर मुद्दा कापसाचा नव्हताच, तारेचा होता. मी इंजिनिअरिंग सोडलं. का सोडलं? तिथं फळ्यावर यंत्र काढतात आणि खऱ्या यंत्राला हात लावला की ओरडतात, म्हणून सोडलं. आणि व्हेपची, म्हणजे त्या बॅटरीवरच्या सिगरेटची, कॉइल घरी वळायला शिकायला लागलो. तयार कॉइल मिळते हो बाजारात, पण ती जळली की फेका, नवी आणा, परत जळली, परत फेका... इथं कसं, कॉइल बसवायचं इवलंसं भांडं एकदा घेतलं की तार आपली, कापसाची वात आपली! म्हटलं, बाबांच्या कहवाखान्यातलं कोपऱ्यातलं टेबल मिळालं तर गल्लीतल्या समस्त पोरांच्या कॉइली मीच वळून देईन. बाबा हुक्क्यावरचे निखारे सारखे करत म्हणाले, "शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांसमोर ओढून दाखव. ढग निघाला, कोपरा तुझा. नाही निघाला, तर शनिवारी गुमान कॉलेजात." झालं! माझं आख्खं आयुष्य एका झुरक्यावर!

सोपं वाटतं ना तार वळणं? वळा मग! बारीक स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर केसासारखी तार गुंडाळायची, वेटोळ्याला वेटोळं चिकटलं पाहिजे, दोन पाय स्क्रूखाली दाबायचे, स्क्रू जास्त पिळला की पाय तुटतो, कमी पिळला की बॅटरी म्हणते, आपण कोण? पहिली तुटली, दुसरी भांड्याच्या कडेला टेकली, तिसरी एकाच टोकाला लालबुंद आणि दुसरीकडे थंडगार... आणि हे सगळं बाबांच्या मित्रमंडळासमोर! निवृत्त मुख्याध्यापक रिफअत सर डॉमिनोची सोंगटी आपटून म्हणतात, "काय इंजिनिअरसाहेब, आईचं शिलाई मशीन उघडून ठेवलंत का?" हशा! ह्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, तो नाकावर असतो! पण मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असतं!

शेवटी चिमट्यानं हळूच आवळत, बटण जरासं दाबत, सोडत, परत दाबत... तार बरोब्बर मधून उजळली आणि लाली दोन्हीकडे सारखी पसरत गेली. अहाहा! बुधवारची दुपार होती, मला ईद वाटली!

मग मी वातीसाठी पाकिटातला कापूस काढला आणि शौकीमामा किंचाळले, "जपानी? महल्लात बसून जपानी कापूस? अरे, तुझ्या आईच्या माहेराची अब्रू आहे की नाही काही?" पाकीट उचललं आणि थेट निखाऱ्यांत! तडक घरी गेले आणि काचेची बरणी घेऊन आले. गिरणी सोडताना आठवण म्हणून आणलेला कच्चा कापूस, लांब धाग्याचा, पांढराशुभ्र. "हा घाल! जग मरतं ह्याच्यासाठी!" आख्ख्या कहवाखान्यानं टाळ्या वाजवल्या. घातला. व्हेपचं लिक्विड ओतलं. बटण दाबलं, ओढलं...

तुम्ही कधी पेटलेली गोधडी गिळलीय? मी गिळली! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि घशाला पाणी मिळेना!

"ह्याला ओढताच येत नाही," मामा म्हणाले.

"तार वाकडी आहे," रिफअत सर.

"पोरगंच वाकडं आहे," बाबा.

कापसाला कोणी नाव ठेवतंय? छे! मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असतं!

गुरुवारी सकाळी चिडून त्या कापसाचा बोळा पाण्याच्या पेल्यात फेकला. बुडेचना! पाण्यावर ऐटीत तरंगतोय, थेट मामांसारखा! बोटानं दाबला, परत वर! अहो, कच्चा कापूस तो, अंगावर मेण घेऊनच जन्माला येतो, लिक्विड पिणार कुठून? कोरडाच जळला! मग काय, आईचं पातेलं घेतलं, धुण्याचा सोडा टाकला, खळाखळा उकळला. आई लाटणं घेऊन मागे, "मेल्या, मुलुखियाची भाजी आता कशात करू?" तरी उकळला, धुतला, गच्चीवर वाळवला. परत पेल्यात टाकला... गडप!

शुक्रवार. नमाज झाली, सगळे जमले, मामांनी छाती पुढे काढली, बाबांनी हातातला निखाऱ्यांचा चिमटा खाली ठेवला. वात भरली, बटण दाबलं, ओढलं, सोडलं... ढग! असा ढग की रिफअत सर दिसेनात, डॉमिनो दिसेना, टीव्हीवरची मॅच दिसेना, धुरातून कोणीतरी बोंबलतंय, "अरे गोल झाला, गोल! कोणी केला?" मी केला! मी!

ढग विरला. बाबा उठले, कोपऱ्यातलं टेबल स्वतःच्या खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. जिंकलो हो, जिंकलो! कोपरा माझा, टेबल माझं, पोरांची रांग माझी!

फक्त टेबलाला दुसरीही एक खुर्ची आहे. तिच्यावर शौकीमामा बसतात, सकाळपासून, आणि येईल त्याला जवळ ओढून सांगतात, "बाळा, कापूस आधी सोड्यात उकळावा लागतो. गिरणीतलं गुपित आहे. ह्याला मीच शिकवलं." पोरं माना डोलावतात, मामांना चहा पाजतात... आणि मी? मी आपला तार वळतो, कारण मान वर केली की मामा म्हणतात, "लक्ष दे, लक्ष दे, अजून शिकतोयस तू!"