खुलन्याची दीदी

अर्जुनी मोरगावच्या बसथांब्यावर दोघी म्हाताऱ्या शेजारणी बोलत बसल्या होत्या. फुलवंताबाई इथल्याच. बीणाबाई लहानपणी पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या.

“बीणाबाई, माहा नातू योगराज म्हणे, युरोपात लोकं बिना व्हिसाचे या देशातून त्या देशात जातेत. नोटही एकच चालते. आपला अन् बांगलादेशाचा तसा एक देश होईल का वो?”

“कायले होईल? तिकडचा सस्ता तांदूळ आला तं तुमच्याच धानाले भाव भेटणार नाही. तुमीच आधी ओरडाल.”

“अन् तिकडचे लोकं?”

“तेही नाहीच म्हणतील. अन् आमचं घर तिकडं जाळलं, म्हणून आमी इकडे आलो. ते कोण विसरते?”

“मंग तुमालेच नको आहे.”

“मले पाहिजे होता, बाई. दीदीचं लगन झालं होतं, ते तिकडंच राहिली, खुलन्याले. दोनदा व्हिसा मागतला, भेटला नाही.”

“आता पुन्हा मागा न.”

“काल भाच्यानं फोनवर तिचं तोंड दाखवलं. नाकात कापूस होता.”

“अरे देवा! अन् मले सांगतलं नाही?”

“काय सांगू? इथं तिले कोणीच पायलं नाही.”

गोंदियाची बस लागली. बीणाबाई पिशवी घेऊन उठल्या.

“जाऊ द्या ते बस. बसा. कशी होती दीदी?”

“माह्यापेक्षा उंच होती. लय हसे.”