उघडं दार

फ्लॅटचं काय विचारतोस भावा! बाबांची मिल बंद पडली, आमची चाळ पाडली, आणि त्याच जागेवरच्या बिल्डिंगमध्ये मी आयुष्यातलं पहिलं घर घेतलं. चाळीत दिवसा दार लावलं की लोक विचारायचे, कोणाला बरं नाही का? त्याच सवयीनं पहिल्या रविवारी दार सताड उघडं ठेवून मी पोहे खात बसलो. लोक येत-जात होते, आत कोणी डोकावेना. इतक्यात चौकीदार धावत आला.

“साहब, सब ठीक है ना? सामनेवाली मैडम का फोन आया, आपका दरवाजा खुला है.”

मी त्याला बसवलं, पोहे दिले, गप्पा मारल्या.

आता दार बंदच ठेवतो. अगदीच करमेनासं झालं, की उघडून बसतो. लगेच तक्रार जाते, आणि माझ्याकडे कोणीतरी येतं.