एकशे अठरा फाटकी पुस्तकं

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरची थोर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ग्रंथपालबाई, आणि पुढे चटईवर चुळबुळणाऱ्या बालवाचकांनो,

मी या वाचनालयाचा बाइंडर. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण लोकांची पुस्तकं शिवता शिवता झालं.

अध्यक्षसाहेब आत्ताच म्हणाले, "बाईंनी बालविभाग कसा कोरा करकरीत ठेवलाय!" साहेब, कोरं पुस्तक म्हणजे न वाचलेलं पुस्तक. एवढं कळायला चौथीसुद्धा लागत नाही.

बालपुस्तकांचा इतिहास विद्वानांनी लिहिला असेल. मी तो माझ्या टेबलावर पाहिला. सगळ्यात जुनी उपदेशाची. खोटं बोललं की मूल विहिरीत, खाऊ चोरला की वाघाच्या तोंडी! चाळीस वर्षांत त्यांतलं एकही माझ्याकडे शिवायला आलं नाही. मग आली मोठ्यांची पुस्तकं कापून आखूड केलेली. कापताना गंमत तेवढी नेमकी गळालेली. आणि मग कुणीतरी घरातून पळालेल्या मुलीची गोष्ट लिहिली. ती परत येते, तर आई मारत नाही, गरम जेवायला वाढते. हे पुस्तक मी अकरा वेळा शिवलं. जेवणाचं पान इतकं झिजलं, की बाईंनी ते हातानं लिहून चिकटवलं. माझ्या लेकीनं त्याच पानावर बोट ठेवून विचारलं होतं, "बाबा, मी चुकले तर तुम्हीपण वाढाल ना?" त्यानंतर माझा हात तिच्यावर उठला नाही.

गेल्या महिन्यात समितीनं ठराव केला : फाटकी पुस्तकं रद्दीत. एकशे अठरा निघाली, सगळी असलीच. बाई विनवायला गेल्या, तर साहेब म्हणाले, "बाई, मुलांना काहीतरी नीटनेटकं द्या. माझं पुस्तक आहे की!" साहेबांनी मुलांना केलेल्या शंभर सूचना. सव्वाशे प्रती भेट. पुठ्ठा भक्कम, छपाई सुबक, वाचक शून्य.

बाई माझ्या खोलीत आल्या, रद्दीची यादी टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "या समितीनं आजवर एक तरी पुस्तक उघडून पाहिलंय?"

"काका, नसते उद्योग करू नका हं!"

केले.

काल तपासणी झाली. साहेबांनी कपाटावरून हात फिरवला, ओळीनं स्वतःचंच नाव वाचलं, गहिवरले, आणि "कायम ठेवावीत" असा शेरा मारून सही ठोकली. साहेब, आत ती एकशे अठरा आहेत. रद्दीत तुमच्या सूचना गेल्या. पुठ्ठे मात्र मापात कापल्यावर फार कामाचे निघाले, त्याबद्दल मनापासून आभार. सात प्रती तशाच ठेवल्यात. न जाणो, एखादा वाचक यायचा.

शेरा फिरवायचा तर खुशाल फिरवा. फक्त पुस्तक न उघडता सही केली, एवढं याच सभेला सांगावं लागेल.

बाई, तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पदर तोंडाला लावलाय, तेव्हा हसताय की रडताय ते इथून कळत नाही. उद्यापासून तुम्हीही वाचक. ते अकरा वेळा शिवलेलं पुस्तक पहिल्यांदा तुमच्या नावावर द्या, असं सांगून ठेवलंय. जेवणाचं पान जागेवर आहे.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. शिलाईत झालं असेल तर पुस्तक आणून द्या. दोरा अजून शिल्लक आहे.