सातवं ठिकाण

लेनवर्थ : निळं तळं आलं बघ, आई. उतरतेस? पाहुणे इथं अर्धा अर्धा तास नुसते बघत उभे राहतात.

आयसिल्डा : अठ्ठ्याहत्तर वर्षं बघतेय मी ते. पाणी निळं आहे. चल पुढं.

लेनवर्थ : अगं, सकाळच्या उन्हात रंग कसा बदलतो ते तरी...

आयसिल्डा : लेन, माझ्या रुमालात तुझ्या नातीची नाळ बांधलेली आहे. आज नववा दिवस. आज ती आपल्या जागेत पुरायची आणि वर नारळ लावायचा. कोंब फुटलेला नारळ मागच्या सीटवर आहे, फावडं सीटखाली. मी तुला सरळ आपल्या गॅलीमोरांच्या टोकाला चल म्हटलं, आणि तू मला गाव दाखवत फिरवतोयस. धबधबा झाला, दीपगृह झालं. मी काय बोटीतून उतरलेली पाहुणी आहे?

लेनवर्थ : तूच म्हणायचीस ना, पाहुण्यांना नेतोस ती तुझी सहल एकदा मलाही करायचीय म्हणून.

आयसिल्डा : म्हणायचे. आज नाही म्हटलं.

लेनवर्थ : बरं, पुढं बॉस्टनच्या किनाऱ्यावर तरी थांबू. भट्ट्या पेटल्या असतील. मसाल्याचं डुकराचं मटण, तुला आवडतं तसं, करपलेल्या कडेचं. खाऊ आणि मग जाऊ.

आयसिल्डा : किती ठिकाणं आहेत तुझ्या सहलीत?

लेनवर्थ : सात.

आयसिल्डा : सातवं कुठलं?

लेनवर्थ : ऊन फार झालंय. काच वर करू का?

आयसिल्डा : गाडी बाजूला घे.

लेनवर्थ : आई...

आयसिल्डा : घे म्हटलं ना. हं. आता बोल.

लेनवर्थ : तिथं कुंपण घातलंय. आपल्या जागेला.

आयसिल्डा : माहीत आहे. नाताळापासून.

लेनवर्थ : तुला कुणी सांगितलं?

आयसिल्डा : चर्चमध्ये बायका गात नसल्या की बोलत असतात. तू सांगशील म्हणून मी आठ महिने गप्प बसले. रोज रात्री जेवताना तुझ्या तोंडाकडे बघायचे. तू आपला माशाचे काटे काढत बसायचास.

लेनवर्थ : मी विकलं नाही गं. मी कोण विकणार? आपल्याकडं कागद कुठं होता? कागद थोरल्या काकाच्या नावाचा, त्याच्या पोरांनी इंग्लंडात बसून सह्या केल्या. जागा बघितलीसुद्धा नाही कधी.

आयसिल्डा : आणि घेणाऱ्याला वाट कुणी दाखवली?

लेनवर्थ : मीच.

आयसिल्डा : मोठ्यानं बोल.

लेनवर्थ : मी दाखवली. पाहुणा म्हणून आला होता. सहा ठिकाणं बघून झाली, म्हटलं माणूस चांगला दिसतोय, याला आपलंही दाखवू. अभिमान वाटायचा गं मला त्या जागेचा. त्याला सांगितलं, आमच्यात मूल जन्मलं की त्याची नाळ इथं पुरतात, वर झाड लावतात, हे सगळ्यांत उंच आहे ना, ते माझं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वर्षी आला तो वकील घेऊनच.

आयसिल्डा : आणि आता तू त्याच्याकडं सहली नेतोस.

लेनवर्थ : मी नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी आला असता, आणि आपल्या माणसांबद्दल वाट्टेल ते सांगितलं असतं त्यानं.

आयसिल्डा : आज काय ठरवलं होतंस? ऊन कलेपर्यंत फिरवायचं आणि मग म्हणायचं, राहिलं बुवा?

लेनवर्थ : हो. तुला ते कुंपण दाखवायचा धीर नव्हता माझ्यात.

आयसिल्डा : ज्याची नाळ आपल्या जागेत नाही ते पोर जन्मभर परक्याच्या दारात उभं राहतं. त्या पोरीचं तसं नको व्हायला. चालव गाडी.

(कुंपणाच्या फाटकापाशी गाडी थांबते. पहारेकरी वही घेऊन बाहेर येतो.)

पर्सेल : लेनवर्थ, तुझी सहल आज यादीत नाही रे. अरे, मिस आयसी? किती दिवसांनी.

आयसिल्डा : सहल नाही, पर्सेल. घरी आलेय. फाटक उघड.

पर्सेल : मिस आयसी, माझी आई गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ तुम्ही घातलीत. तुम्हाला अडवताना मला लाज वाटते. पण तो वर कॅमेरा आहे, मालक कुठं बसून बघत असतो देव जाणे. माझी दोन वर्षं राहिलीत पेन्शनीला.

लेनवर्थ : दहा मिनिटांचं काम आहे, पर्सेल. एक खड्डा करायचा आहे.

पर्सेल : पाहुण्या म्हणून लिहिलं तर सोडता येईल. हा कागदी पट्टा मनगटाला बांधायचा. वहीत नाव, आणि कुठून आलात ते.

आयसिल्डा : कुठून आलेय ते तूच लिही. तुला ठाऊक आहे.

पर्सेल : तो रकाना मी रिकामा ठेवतो, मिस आयसी.

आयसिल्डा : बांध पट्टा. घट्ट नको, हात सुजतो माझा.

लेनवर्थ : आई, माझ्या खांद्याला धर. इथं पायऱ्या केल्यात.

आयसिल्डा : इथून एवढा समुद्र दिसायचा नाही.

लेनवर्थ : मोकळा केलाय. तो सगळीच झाडं काढायला निघाला होता. मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, ही झाडं नाहीत, आमची माणसं आहेत. शेवटी एकावर मिटलं. नऊ वाचली. माझं बघ कसं उभं आहे.

आयसिल्डा : कुठलं दिलंस?

लेनवर्थ : ते गं, टाकीजवळचं वाकडं. नारळसुद्धा धरायचा नाही. मी म्हटलं हे काढा, हे आमच्यातल्या कुणाचं नाही. तो बघ, बुंधा आहे अजून. आई? आई, बस इथं. चक्कर येतेय का? पर्सेल, पाणी आण.

आयसिल्डा : पाणी नको. तू सात वर्षांचा होतास. शाळेतून रडत आलास. पोरं चिडवत होती, लेनचं झाड वाकडं म्हणून लेन वाकडा. आठवतं?

लेनवर्थ : आठवतं ना. तू म्हणालीस, त्यांना काय कळतंय, तुझं ते उंचवालं.

आयसिल्डा : ते उंच तुझ्या बहिणीचं, वर्नाचं. त्याच वर्षी ती बापाबरोबर इंग्लंडला गेली. म्हटलं, तिला तिकडं काय पत्ता लागणार. तुझं रडू थांबलं. मग सांगू सांगू म्हणता राहून गेलं, आणि ज्यांना माहीत होतं ते सगळे मरून गेले.

लेनवर्थ : हे वाकडं माझं होतं?

आयसिल्डा : हो.

लेनवर्थ : मीच बोट केलं, आई. करवत लावली तेव्हा दोरी धरायला माणूस कमी होता. कुंपणावर पडू नये म्हणून ती मी धरली.

आयसिल्डा : चूक माझी आहे. तुझं रडू मला बघवायचं नाही. अजूनही बघवत नाही. पूस डोळे.

पर्सेल : मिस आयसी, जरा आटपा. अकराची गाडी यायचीय.

लेनवर्थ : कुठं खणू? वर्नाच्या शेजारी माती मऊ आहे.

आयसिल्डा : इथं. बुंध्याला लागून.

लेनवर्थ : इथं मुळं आहेत. फावडं शिरत नाही.

आयसिल्डा : मग हातानं उकर. मुळं तोडू नकोस. हं, पुरे एवढं. हा रुमाल घे, तू ठेव आत. तिच्या आजोबाचा हात लागू दे. आता नारळ. कोंब वर. लोट माती.

पर्सेल : लेनवर्थ, आले ते लोक. पंधरा-सोळा जण आहेत. त्यांच्याबरोबरचा म्हणतोय, झाडांची गोष्ट तू फार छान सांगतोस, तूच सांग.

लेनवर्थ : आई, मी आता काय सांगू त्यांना?

आयसिल्डा : माती नीट दाब आधी. आणि एवढंच सांग, इथं पाय देऊ नका.