साखरेच्या पुडीला विकलेली नात

दोन हजार तेवीसचा डिसेंबर, सिंगापूरचे ओले दिवस. विचारलंत म्हणून सांगतो, पुन्हा सांगणार नाही.

तिथे मुलाकडे नात सातव्या महिन्यातच जन्मली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मी खाली हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून असायचो. गुडघ्यांच्या उपचाराला येणारी एक गोरी म्हातारी समोर बसायची. जहाजावरच्या नोकरीत शिकलेलं इंग्रजी मला पुरतं. एकदा तिला नाव विचारलं.

"आल्टे. आम्हा ज्यू लोकांच्या यिडिश भाषेतलं. अर्थ म्हातारी."

"जन्मल्या जन्मल्या म्हातारी?"

"माझ्याआधीची तीन भावंडं गेली. मृत्यू पोर न्यायला आला, तर त्याला म्हातारी सापडावी, म्हणून. फसला बघा, ब्याऐंशी झाली मला. तुमचं नाव?"

"धोंडू. म्हणजे दगड. माझ्याआधीचीही दोन गेली."

ती हसली. "आमच्यात असं पोर परक्याला विकतातसुद्धा."

"आमच्यातही विकतात."

"मग तुमची नात मला विका. तुमच्या घरी पोरच नाही म्हटल्यावर तो येईल कशाला?"

तिने टेबलावरची साखरेची पुडी माझ्यापुढे सरकवली. मी खिशात घातली.

मुलाला सांगितलं, तर तो चिडला. "बाबा, डॉक्टर बघतायत ना? हे काय चालवलंय तुम्ही?"

त्याच आठवड्यात नात गेली. तिला आपली म्हणून अंत्यसंस्काराला न्यायचं, तर आधी सोडवून घ्यायला हवं होतं. मी कॅन्टीनमध्ये गेलो आणि पुडी आल्टेच्या हातात परत ठेवली.