कमान मी काढली

माहेर माझं मुरगूडचं, पावणं. बाप सुतार, त्याला कोल्हापुरात सिनेमाच्या स्टुडिओत सेट ठोकायचं काम मिळालं म्हणून आमी इकडं आलो, आईबाप, मी आणि माझ्यापेक्षा दोन वर्सांनी धाकटा दत्तू. मी आलो-गेलो म्हणतोय म्हणून हसू नका, आमच्याकडं बायका असंच बोलत्यात. सातवीतनं माझी शाळा सुटली आणि दत्तूला घातलं चित्रकलेच्या मास्तरांकडं, कारण पडदे रंगवणाऱ्या पेंटरला स्टुडिओत किती मान असतोय ते बापानं बघितलं हुतं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्सी मास्तरांनी त्याला एक छापील चित्र दिलं. विलायतेतलं पडकं चर्च, छप्पर गेलेलं, नुसत्या उंच टोकदार कमानी उभ्या, भिंतीतनं झाडं उगवलेली आणि मोडक्या खिडकीतनं उन्हाचा पट्टा गवतावर. मास्तर म्हणले, हे तेलरंगात हुबेहूब उतरव, मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेला हेच दाखवू. आता दत्तूच्या हाताला धीर कुठला, काय सांगू तुम्हाला, त्याची कमान म्हंजे वाकलेली काठी आणि सावली म्हटली की घेतला काळा नि फासला. तीनदा खरवडलं, चौथ्यांदा ब्रश भिरकावला, म्हणला मी न्हाय करणार जा, आणि गेला तालमीत.

मी ब्रश धुवायला घेतला आणि धुता धुता एक हात मारला की. तिथनं लागलं वेड. छापील चित्रावर दोऱ्यानं चौकोन पाडले, कॅनव्हासवर तेवढेच, पण मोठे पाडले आणि दुपारची भांडी झाली की एकेक चौकोन भरत बसायचो. रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास केसांत बसायचा, आई म्हणायची, पेंटरचा वास मारतोय तुला, कोण करून घेणार हाय? एक कमान काय केल्या जमंना, सपाटच दिसायची. मग भाजी आणायला म्हणून गेलो आणि भवानी मंडपाच्या कमानीखाली उभा राह्यलो. बघतोय तर दगडाची सावली काळी न्हवतीच हो! निळी हुती, खाली जांभळट, आणि ऊन फरशीवर आपटून जिथं परत वर येतंय तिथं जरा तांबूस. घरी आलो, भाजी विसरलो, शिव्या खाल्ल्या, पण दुसऱ्या दिवशी कमान उभी राहिली, आत हात घालावा अशी. दत्तूला सगळं सांगितलं, कुठं उभा राह्यलतो, काय दिसलं.

चित्र दत्तू घेऊन गेला, मास्तरांनी पाठ थोपटली ती दत्तूची. मी बापाला म्हटलं, खरं सांगा की त्यांना. बाप म्हणला, तुला काय मुंबईला धाडणार हायत व्हय, पोराचं चांगलं होतंय तर होऊ दे. आईनं चुलीत लाकूड सारलं. दत्तू मुंबईला गेला आणि त्याच वर्सी मला राधानगरीकडं दिलं. तिथं भात, म्हशी, चिखल. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवायची, तेवढाच रंग हाताला लागायचा.

पुढं दत्तू ड्रॉइंगचा मास्तर झाला, कोल्हापुरात घर बांधलं. वास्तुशांतीला गेलतो. पुढच्या खोलीत तेच चित्र, खाली त्याची सही, आणि तो चार पावण्यांना सांगतोय, ही कमान जमंना तवा मी भवानी मंडपात जाऊन उभा राह्यलो, तिथं मला कळलं सावली काळी नसती म्हणून. चित्र नेलं ते नेलं, माझी ती दुपारसुद्धा नेली हो त्यानं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, दत्तू, कमान मी काढली. तर तो चिडला न्हाय, हसला. म्हणला, आक्का, तू रंग घोटून द्यायचीस की, कसा विसरंन मी? त्याच्या डोळ्यांत बघितलं मी. खोटेपणा न्हवता. त्याला तसंच आठवत हुतं.

मी आईकडं वळलो, म्हटलं, आई, तू तर तिथंच हुतीस, सांग की. आई म्हणली, लाडू वाढायला घे, पावणं खोळंबल्यात.

वाढले.

आता आई न्हाय, बाप न्हाय. दत्तू दिवाळीला लुगडं धाडतोय, मी नेसतोय. त्याचं बरं होवो, डोळे शाबूत राहोत त्याचे. परवा माझ्या थोरलीच्या पोरीनं भिंतीवर कोळशानं म्हस काढली. चांगली काढली हुती, पाय बरोबर बसलेले, मानेची वळी सुदिक. मी फडकं ओलं केलं आणि पुसून टाकली. पोरगी रडली न्हाय. नुसती बघत बसली माझ्याकडं.