प्रश्नचिन्हापुढचे नाव

दि. १४ मे २००७

नाव : आनंदी किरण बोवलेकर, वय २६ वर्षे, धंदा : घरकाम व काजू सोलणे, रा. कट्टा, बाजारामागे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

मी पोलिसांसमोर हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती किरण व सासू यांच्यासह राहते. पती कट्टा बाजारात संगणकाचा क्लास चालवतात. तक्रारदाराची मुलगी उर्वशी हिचा तेथील कोर्स संपलेला आहे. तरी ती रोज येते. ती कामात मदत करते, असे पतींचे म्हणणे आहे.

आज दुपारी मी पतींचा डबा घेऊन क्लासवर गेले. पती व उर्वशी एकाच संगणकासमोर बसले होते. उर्वशीने केसांत अबोलीचा वळेसर माळला होता. पंखा तिच्या खुर्चीकडे वळवलेला होता. पती घामाने भिजले होते. पडद्यावर समुद्राचा फोटो व त्यावर "येवा उर्वशी, दर्या तुमची वाट बघता" असे मोठ्या अक्षरांत होते. लग्नानंतर पतींनी मला समुद्रावर नेलेले नाही.

मी मॉनिटर दोन्ही हातांनी बाजूने ढकलला. तो उर्वशीच्या डाव्या पायावर पडला. पतींनी तिचा पाय मांडीवर घेतला. शेजारचे दुकानदार गणपत रिक्षा आणायला धावले.

तेवढ्यात पतींनी दुसऱ्या संगणकावर तेच पान उघडले व ते म्हणाले, "गो, ह्यां तारकर्लीच्या भाईंच्या भाड्याच्या खोल्यांचां इंटरनेटवरचां पान. पत्त्यात पाव्हण्याचां नाव घातलां की पान ताच वाचता आणि दाखयता. आता तुजां घालतंय, बघ."

त्यांनी पडद्यावर वरच्या पट्टीतील पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे माझे नाव लिहिले. "येवा आनंदी, दर्या तुमची वाट बघता" असे आले.

मी विचारले, "पयलां नाव कोणाचां घातल्यात?"

उर्वशी रडत म्हणाली, "माजां. चलता काय ता बघूक."

उर्वशीच्या पायाचे बोट मोडले, याचे मला वाईट वाटते. तिला दुखापत करण्याचा माझा हेतू नव्हता. ती रिक्षातून दवाखान्यात गेली, पती सोबत गेले. मी क्लासला कुलूप लावून घरी आले.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. हवालदारांनी "गैरसमजातून" असा शब्द घातला होता, तो माझ्या सांगण्यावरून खोडला आहे.

सही : आनंदी